स्टँडपुरता खड्डा

मावला गावातल्या शाळेत शिकवायला जाताना वाटेतल्या एका अंगणात साठीचे एक बुटके गृहस्थ रोज दिसायचे. त्यांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. मागे राहिलेल्या त्याच्या उंच मोटरसायकलवर यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

एका रविवारी ते गाडीची उंची कमी करत होते. धरायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून त्यांनी ती कडुनिंबाला दोराने तोलली होती. पुढच्या शॉकअपच्या नळ्या त्यांनी क्लॅम्पमधून वर सरकवल्या, मागे आखूड शॉकअप बसवले. पाय टेकले. पण साइड स्टँड आता लांब पडलं आणि गाडी पलीकडे कलंडू लागली. त्यांनी कुदळ आणून स्टँडपुरता खड्डा खणला. पुढे बाजारातही ते आधी खोलगट जागा शोधायचे.

मला मास्तरकीची खोड. म्हणालो, "काका, स्टँड कापून घ्या ना."

"बाकीचं सारं परत वर करता येते, सर," ते म्हणाले. "कापलेलं स्टँड मंग पोट्ट्याले कसं पुरन?"

पुढे माझी बदली झाली. परवा बसमधून ते अंगण दिसलं. गाडी तिथेच होती. खड्डा घमेल्याएवढा झाला होता.