बंटीच्या उंचीचं टॉनिक

जनावरांच्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत, ते पट्टा बांधून दारात येतात. लातूरच्या माझ्या दवाखान्यातले हे किस्से एकाच कुत्र्याचे. मित्र पोट धरून हसतात, माझं मात्र अजून डोकं फिरतं!

*

बंटी कॉर्गी जातीचा. चाकूरच्या भानुदासरावांच्या मुलानं हौसेनं पुण्याहून आणलेला. वर्षभरानं भानुदासराव त्याला घेऊन आले.

"डॉक्टरसाहेब, अंग भरायलंय, पण पाय वाढायले न्हाईत. टॉनिक द्या!"

"अहो, ही जातच बुटकी!"

"मोबाइलवर तर मोठा दिसत होता की!"

*

मे महिन्यात बंटी आला तो पार भादरलेला. पाठीवर लाल चट्टे.

"उन्हाळा लई हाय म्हणून मशीन फिरवली."

त्या केसांनीच ऊन अडतं, हे मी ओरडून सांगितलं. तर भानुदासराव वर मलाच विचारतात, "मग आता टोपी घालू का?"

*

एकदा पोट बिघडलं. खाल्लं काय? साबुदाण्याची खिचडी!

भानुदासरावांच्या घरच्या काकू ठसक्यात म्हणाल्या, "एकादशी होती. आमच्या घरात राहायचं तर उपास धरावाच लागंल."

*

मग तक्रार आली, चालणाऱ्याच्या टाचा धरतो.

मी समजावलं, "ही गुरं राखणारी जात. भरकटलेलं जनावर टाच धरून मागं वळवायचं, हे त्याच्या रक्तात आहे. फिरवा, खेळवा, काहीतरी काम द्या."

पण फिरवणार कोण? बंटी दिवसभर खिडकीच्या गजाला बांधलेला.

"पुन्हा चावला तर सुई देऊन मोकळं करा," भानुदासराव शांतपणे म्हणाले. धडधाकट, दोन वर्षांच्या जिवाबद्दल! मी त्यांना सरळ दवाखान्याबाहेर काढलं.

*

गेल्या आठवड्यात फोन आला. "आत्ताच्या आत्ता या! नातवाला धरलं!"

मी सुई नेली नाही. बंटीला घेऊन यायचं ठरवून पट्टा तेवढा नेला.

त्यांचं घर हायवेला लागून. फाटक सताड उघडं, समोरून ट्रक धडाधड चाललेले. दीड वर्षाचा नातू काकूंच्या कडेवर बिस्कीट खात होता. अंगावर ओरखडा नाही, फक्त चड्डी मागून फाटलेली.

"कुठं धरलं?"

"तिथं, रस्त्यावर!" काकू म्हणाल्या. "लेकरू पार पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेलं होतं. अन् ह्या मेल्यानं साखळी तोडली, चड्डी धरली अन् फराफरा ओढत अंगणात आणलं!"

भानुदासराव माझ्याकडं वळले. "आता तुम्हीच सांगा, असलं कुत्रं घरात ठेवावं का?"