मागच्या रांगेतला आवाज

राजाजीनगरच्या एका सभागृहात लहानसा गायकवृंद गात होता. मागच्या रांगेतले उंच गृहस्थ शेजाऱ्याकडे कान झुकवून गात होते. त्यांचा आवाज वेगळा ओळखण्याचा मी कार्यक्रमभर प्रयत्न केला, जमले नाही. नंतर कॉफी घेताना मी त्यांना सहानुभूतीने तसे सांगितले.

ते आपल्या इकडच्या कानडी वळणाच्या मराठीत हसून म्हणाले, “सरी झालं, बरंच झालं, अण्णा. ऐकू आला असता, तर सगळ्यांचं बिघडलं असतं.”

आमच्या भजनात माझाच आवाज सर्वांत वर असतो. त्या शनिवारी मी शेजाऱ्याकडे कान देऊन हळू गायलो. शेवटी पुढे बसलेला मृदंगवाला वळून म्हणाला, “आज भजन गोड झालं. तुम्ही आत्ताच आलात काय, अण्णा?”

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे माझे मलाच कळले नाही.