येतां गो वयनी

“येतां गो वयनी, येतां...”

धुक्यातून कुंदाचा आवाज आला आणि मी पुढच्यांना ओरडून सांगितलं, “येतेय ती मागून, चला!” थोडं चालून मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच, “येतां, येतां.” अख्खी दुपार असं चाललं होतं. आवाज जवळ येईना आणि लांबही जाईना. चाळीच्या या टोकाहून त्या टोकाला बोलावं, तेवढ्याच अंतरावर.

त्या वेळी कुंदा मेलेली होती. आमच्या मागे ती नव्हतीच. सकाळी सोडलेल्या गावात, एका म्हातारीच्या अंगणात, घोंगडीखाली तिला झाकून ठेवलं होतं.

आता वाचणारे म्हणतील, हे लिहिणाऱ्या म्हातारीला भुताटकीची हौस दिसतेय. अजिबात नाही. माझ्या माहेरी कोकणात पिंपळावर कोण, विहिरीत कोण, सगळं ठरलेलं होतं. मी त्यावर हसायचे. खानावळ चालवणाऱ्या बाईला भुतं परवडत नाहीत. आजही कोणी मंतरलेला दोरा दिला, तर मी त्याने पिशवीचं तोंड बांधते. पण जे ऐकलं ते ऐकलं.

कुंदा माझी धाकटी जाऊ. माहेर गोव्याच्या हद्दीवरचं. तिकडे ‘येते’ला ‘येतां’ म्हणतात. कांदिवलीत इतकी वर्षं काढली, भय्याशी हिंदीत भांडायला शिकली, पण हे ‘येतां’ काही सुटलं नाही. दुधाला जाताना येतां, नळावर जाताना येतां. संडासला जातानासुद्धा म्हणायची. मी म्हणायचे, “अगं, तिथून काय वर्दी देतेस?” तर फिदीफिदी हसायची.

ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमच्या दोघींचे नवरे गिरणीत होते आणि गिरणी बंद पडली होती. नवरे ओट्यावर बसून गिरणी कधी सुरू होणार याची चर्चा करायचे, आम्ही आत भाकऱ्या थापायचो. खानावळीत ऑफिसची माणसं यायची, त्यात एक सबनीस सर. सर कसले, विम्याच्या ऑफिसात साहेब होते. पण डोंगरात फिरायचा ग्रुप काढला होता, त्याचे लीडर, म्हणून सर. त्यांच्या सोसायटीचा वॉचमन सोनाम, नेपाळचा, जातीने तामांग. सबनीसांनी त्याच्याकडून त्याच्या मुलखाची माहिती काढली आणि ट्रेक ठरवला. या गावातून त्या गावात चालत जायचं, तामांग लोकांच्या घरात राहायचं, त्यांचे सण, नाच, रीतिरिवाज बघायचे. सोनाम रजेवर घरी निघालाच होता, तोच वाटाड्या.

आणि स्वयंपाकाला आम्ही दोघी. आदल्या वर्षी कुठेतरी बाहेरचं खाऊन सगळ्यांची पोटं बिघडली होती म्हणे. ग्रुपमध्ये बायका होत्या, पण त्या संस्कृती बघायला आलेल्या. संस्कृती बघताना भात कसा लावणार?

कुंदा मात्र खूश होती. तिची लता तेव्हा लहान, तिला माझ्या बहिणीकडे ठेवलं. निघताना कुंदा पोरीचे गाल ओढून म्हणाली, “येतां हां बाय माझी.”

गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग आणखी बस, मग पाय. काठमांडूच्या वर रसुवा म्हणून जिल्हा आहे, त्रिशूली नदीच्या वरच्या अंगाला. दिवाळी नुकतीच झाली होती. वाटेत प्रत्येक गावाच्या तोंडाशी मंत्र कोरलेल्या दगडांची लांब भिंत असायची. ती उजव्या हाताला ठेवून जायचं, सोनाम सांगायचा. गावात पोचलं की बाकीचे अंगणात नाच बघायला बसायचे आणि आम्ही धुराने भरलेल्या चुलीपाशी.

खरं सांगायचं तर चुलीपाशीच मजा होती. एका घरात कुंदाने पिठाच्या डब्यात हात घातला आणि ओरडली, “वयनी गो, हो नाचणो!” ते लोक त्याचं पीठ शिजवून गोळा खातात. कुंदाने भाकरी थापून दाखवली. तिथल्या बायका तिचे हात धरून बघायला लागल्या, हसून हसून लोळल्या. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. सबनीस सर बाहेर वाकून विचारत होते, “सोनाम, या नृत्याचा अर्थ काय?” सोनाम म्हणाला, “साब, अर्थ कुछ नहीं. पिएला है वो.”

मग सोनामचं गाव आलं. त्याचा काका काही महिन्यांपूर्वी वारला होता, त्याचं शेवटचं कार्य तेव्हा चालू होतं. त्याला घेवा म्हणतात. सबनीस सरांनी टाळीच वाजवली. “काय नशीब आहे आपलं! घेवा मिळाला!” कोणाचं तरी मरण यांना मिळालं होतं.

पण हे मला नंतर कळलं. आम्हा दोघींना कोणी काही सांगितलं नाही. आम्ही आलो आणि सरळ मागच्या चुलीवर. बाहेर ढोल, झांजा, दारू, मोठमोठ्या भांड्यांत भात, पोरंपोरी हातात हात घालून नाचतायत. आणि मधे बांबूचा माणूस करून ठेवलेला. अंगात सदरा, वर कोट, डोक्याला टोपी. त्याच्या पुढ्यात ताटं वाढलेली.

कुंदा डोकावून आली. “बावल्याचा लगीन असा गो! आपल्या तुळशीच्या लग्नासारख्या.”

मलाही तसंच वाटलं. दिवसही तुळशीच्या लग्नाचेच होते. मयताच्या घरी ढोल वाजवून नाचतात, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

ग्रुपचा मुक्काम दुसऱ्या घरात होता. सगळं आवरून आम्ही तिकडे जायला निघालो. एक म्हातारी त्या बाहुल्याशेजारी बसली होती. कुंदाने तिला हात जोडले. मग बाहुल्याकडे वळून, लग्नातल्या नवरदेवाला म्हणावं तसं, मान हलवून म्हणाली, “येतां हां.”

ढोल थांबला. म्हातारी उठली आणि तिने कुंदाचं मनगट धरलं. मारायला नव्हे. घाबरून धरलं, पोर रस्त्यावर धावलं की धरतात तसं. लामा होते त्यांनी आमच्यावर तांदूळ फेकले. सोनाम धावत आला.

“बाई, क्या बोली ये? क्या बोली उसको?”

“येतां बोली,” मी म्हटलं. “जाते टाइम बोलते हैं ना.”

“मालूम है, वो पुतला कौन है? मेरा काका है! मर गएला काका!” सोनामचा चेहरा पांढरा पडला होता. “हमारे में यता मतलब इधर. इधर आ जा. लामा लोग उसको रास्ता दिखा रहे, बाबा, उधर जा, उधर जा... और ये बोलती है इधर आ.” मग त्याने विचारलं, “तुम लोग में क्या मतलब होता है?”

“मैं आती हूं,” मी म्हटलं.

  आमच्यातसुद्धा मयताच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. न बोलता उठायचं असतं. लहान पोरालाही ठाऊक असतं हे. हे मयताचं घर आहे एवढं जरी कोणी आम्हाला सांगितलं असतं, तरी कुंदाने तोंड उघडलं नसतं.

म्हातारी, म्हणजे सोनामची काकी, मनगट सोडेना. सोनामने तिचं म्हणणं सांगितलं. उद्या संध्याकाळी घेवा संपेल, बाहुला मोडतील, काका आपल्या वाटेला लागेल. तोवर या बाईने इथेच राहावं. मग कुठेही जाऊ दे.

मी सबनीस सरांना म्हटलं, “आम्ही दोघी उद्याचा दिवस राहतो. तिच्या टाचांना फोडही आलेत.” मी फोडांसाठीच म्हणत होते. भुताचा विचार मी केला नव्हता.

“अहो काकू, पुढच्या गावाला निरोप गेलाय. तुम्ही राहिलात तर जेवणाचं काय?” मग हसून म्हणाले, “पण किती गंमत आहे बघा! येतां आणि यता! असा योगायोग शोधून सापडत नाही.”

कुंदा माझ्या कानात म्हणाली, “माका रवाक चलात, वयनी.” राहायला तिची ना नव्हती. पण विचारतो कोण?

सकाळी निघालो. गावाच्या वर ती दगडांची भिंत होती, तिथे कुंदा टेकली. कॅनव्हासचे बूट, लेस सुटली होती. तोंड जरा फिकट वाटलं. मी थांबले तर पुढून ओरडा, “काकू, चला ना, वर चहा करायचाय!” कुंदा म्हणाली, “तू हो फुडे. वायच बसतां, मगे येतां.”

तिला मी जिवंत बघितली ती तेवढीच.

धारेवर चढलो आणि धुकं आलं. धुकं म्हणजे काय, पुढच्या माणसाची पाठ दिसेना. मी थांबून हाक मारली, “कुंदा गोऽ!” आणि मागून आवाज आला. तो सुरुवातीला सांगितलाच. तिचाच आवाज, तिचाच हेल, माझं ‘वयनी’सुद्धा तिच्याच तोंडचं. एकदा मी थोडी मागे गेले, तर आवाजही तेवढाच मागे सरकला. सबनीस सर वैतागून म्हणाले, “अहो, येतायत ना त्या! मीही ऐकतोय. चला आता.”

मग पुढून सोनाम परत आला. 

“बाई, आगे से कौन बुला रहा है?”

“आगे से? पीछे से कुंदा बोलती है.”

“नहीं, ऊपर से. यता, यता बोलता है.” तो माझ्या अगदी जवळ आला. “काका की आवाज है.”

तिथे वाट फुटत होती. एक खालून डोंगराच्या कुशीने, नेहमीची. एक वरून, गुराख्यांची, अवघड. सोनाम त्या आवाजाच्या रोखाने वरच्या वाटेला लागला. सबनीस सरांनी आरडाओरडा केला, पण वाट त्यालाच माहीत होती. आम्ही त्याच्या मागोमाग. आणि माझ्या मागून, “येतां गो, येतां...”

उजेड असतानाच गुरांच्या गोठ्यापाशी पोचलो. तिथे आवाज थांबला. मी भात लावला, कुंदाचं ताट झाकून ठेवलं. ती आली नाही.

उजाडल्यावर मी आणि सोनाम परत फिरलो. धुकं गेलं होतं. वरून खालची वाट दिसत होती. दिसत होती म्हणजे, नव्हती. आदल्या दिवशी कधीतरी डोंगराचा कडा सुटून नदीत गेला होता, त्याच्याबरोबर वाटही. आम्ही खालून गेलो असतो तर... सोनाम तिथेच बसला आणि डोकं धरून रडायला लागला.

खाली गावातली माणसं आम्हाला शोधायलाच निघाली होती; आदल्या दिवशी आमच्यामागे धावलेला माणूस धुक्यामुळे अर्ध्या वाटेतून परतला होता. आम्ही दिसेनासे झालो आणि लगेच, गवताला निघालेल्या पोरींना कुंदा त्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. एका बुटाची लेस बांधलेली, दुसरी तशीच. अंग गार पडत चाललं होतं. तेव्हा वर धुकंही धरलं नव्हतं.

औषधाची पेटी घेऊन फिरणारा एक माणूस होता, तो म्हणाला, उंची बाधली, हृदय बंद पडलं. असेल. ते मी मानते. पण मग दुपारभर मला उत्तर कोणी दिलं?

म्हातारीने कुंदाला स्वतःची घोंगडी घातली होती. नवऱ्याचा बाहुला मोडला होता, लामा निघायच्या तयारीत होते, त्यांना तिने थांबवलं आणि कुंदासाठी पुन्हा बसवलं. कोण कुठली बाई, पण माझ्या शेजारी बसून ती माझ्याहून जास्त रडली. मला रडू येत नव्हतं. तिथेच धारेवर कुंदाला अग्नी दिला. निघताना म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि एक अक्षर न बोलता चालायला लागले.

घरी सगळ्यांनी मलाच विचारलं, तू तिला सोडून पुढे गेलीसच कशी? दिराने तर चाळीसमोर विचारलं. विचारून झाल्यावर पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. लता माझ्याकडे वाढली.

काही महिन्यांनी बोरिवलीला एका हॉलमध्ये सबनीस सरांनी स्लाइड शो केला. मी गेले. नाच दाखवले, मंत्र छापलेली निशाणं दाखवली, बाहुला दाखवला. आणि ‘येतां’ आणि ‘यता’ची गंमत सांगितली. “आमच्या स्वयंपाकीणबाईंनी अशी धमाल उडवून दिली...” लोक हसले.

मी उभी राहिले. “तिचं नाव कुंदा. ती मेली, ते सांगा ना. आणि आवाजाचंही सांगा.”

“काकू, ते वाऱ्याचे भास असतात डोंगरात.”

“मग ‘मीही ऐकतोय, चला’ असं तुम्ही कशामुळे म्हणालात? वाऱ्यामुळे?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी म्हणालं, बाई, बसा. पुढची स्लाइड लागली.

सोनाम वॉचमनच्या नोकरीवर परत आलाच नाही. मी अजून कुठूनही निघताना ‘जाते’ म्हणते. लता चिडते, “काकी, येते म्हण गं, बरं दिसत नाही.” न दिसू दे.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला. मागून कुंदा बोलत होती, की पुढून काका बोलत होता, की एकच कोणीतरी होतं आणि आम्ही आपापल्या भाषेत ऐकलं? मला माहीत नाही. सांगणारा कोणी भेटला नाही. त्या आवाजामुळे आम्ही खालच्या वाटेने गेलो नाही, एवढं नक्की.

सोनाम वाचला. मी वाचले. सबनीस सर वाचले, त्यांचा अख्खा ग्रुप वाचला. कुंदा तेवढी आली नाही.