आक्कांच्या मिरच्यांची भावकी

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, परसातल्या मिरचीच्या झाडांना भावकीतली नावं ठेवायच्या. नावं ठेवणं अगदी दोन्ही अर्थांनी!

हातकणंगल्यात आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. येणारी बाई मात्र आधी त्यांच्या दारात. डंकावर वर्षाची लाल चटणी कुटायला गेले, तर तिथली बाई माझा डबा हातात घेऊन विचारायची, "आक्कांची चटणी कशी झाली औंदा?" माझ्या अंगाची आग व्हायची.

आक्कांना संकेश्वरीचं तिखट आणि ब्याडगीचा रंग एकाच मिरचीत हवा होता. फूल उमलायच्या आत टाचणीनं त्यातले केसर काढायच्या, दुसऱ्या जातीचा पराग लावायच्या आणि देठाला लुगड्याचा दोरा बांधायच्या. पहिल्या वर्षी झाडं सारखीच आली. त्यांचं बी पेरलं आणि परसात नुसता गोंधळ! एक मिरची लांब, एक बुटकी, एक सुरकुतलेली.

"एका आईची लेकरं, पर एकाचं तोंड दुसऱ्यावानी न्हाय," म्हणत आक्कांनी बारसं घातलं. आभाळाकडं तोंड करून उभी असलेली जहाल मिरची म्हणजे नणंद. सुरकुतलेली पण लालभडक, त्या सासूबाई. लांबलचक आणि तिखटाच्या नावानं शून्य, ते माझे यजमान. नणंद तर आपल्या झाडाशेजारी फोटो काढून पैपावण्यांना पाठवत सुटली.

माझं झाड कुठंच नव्हतं. एकदा न राहवून विचारलंच.

"तुज्याजोगं झाड गावंना की गं अजून," आक्का म्हणाल्या आणि मिरच्या तोडत राहिल्या.

सणावारी येणाऱ्या नणंदेला झाड, आणि रोज त्यांच्यासोबत मिरच्या निवडणाऱ्या मला नाही! बरेच दिवस मी त्यांच्या परसात पाऊल टाकलं नाही.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. त्यांचं बी आता मीच पेरते. डंकावरची बाई माझा डबा उघडून म्हणते, "आक्कांचीच चटणी ही!" जाऊनही पुढंच! अजून जळते मी, खोटं कशाला बोलू?

परवा नणंद आली. झाडांतून फिरता फिरता म्हणाली, "वैनी, ह्यात आक्काचं झाड कंचं हो?"

रोज सकाळी मी तेच तर शोधते. रंग जमला तर तिखट नाही, तिखट जमलं तर रंग नाही. अशी बाई एका झाडात मावायची कशी?

"गावंना अजून," मी म्हणाले आणि मिरच्या तोडत राहिले.