मास्तरांच्या पाठीला वाफ

कटिंग मास्तरांचा भरवसा दोनच गोष्टींवर: स्वतःची कात्री आणि स्वतःचा डोळा. बाकी सगळं जग म्हणजे आटणारं कापड. विकताना एक, धुतल्यावर दुसरंच.

कोटांच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं कापड बेतलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हाही मास्तरांनी आधी डॉक्टरांच्याच पोटाकडे बघून घेतलं. तरी महिनाभर रोज संध्याकाळी व्यायामशाळेत गेले. साखर उतरली, पण अंगाचं लाकूड झालं. टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत कात्री न्यायची, तर पाठ मध्येच अडायची. एकदा कॉलर वाकडी कापली गेली. मालक काहीच बोलले नाहीत.

"बोलले नाहीत म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय," मास्तर घरी म्हणाले. "आज कटिंगचं यंत्र विकणाऱ्याला चहा पाजत होते. पाठ अशीच राहिली, तर मला घरी बसवतील."

"चहाच पाजला ना? सोयरीक तर नाही जुळवली," बायको म्हणाली. "व्यायामानंतर अंग ताणायचं असतं म्हणतात. ते करा आधी."

पण कुणाचं ऐकायचं? व्यायामशाळेतला पोरगेला शिक्षक एक प्रकार दाखवायचा, फोनवरच्या व्हिडिओतला माणूस दुसराच. शिवाय तो फोनवरचा फार हसायचा. पाय डोक्यामागे घेऊन हसणाऱ्या माणसावर मास्तर कसा विश्वास ठेवणार?

शेवटी मेहुणी आली. शाळेत खेळ शिकवायची. तिनं कागदावर लिहूनच दिलं.

"मान, खांदे, छाती, पाठ, कंबर, मांडीची मागची बाजू, पोटरी. ह्याच क्रमानं, भावोजी. एकेक ताण वीस-तीस सेकंद धरायचा. झटका नाही, श्वास कोंडायचा नाही. आणि व्यायाम संपल्यावर लगेच."

"ह्यात तुझा काय फायदा?"

"ताईचा आहे. रोज तुमची पाठ चोळून तिचे हात गेलेत."

"ताणलेलं कापड परत मापात येत नाही. तिरपं ओढलं की संपलं."

"तुम्ही कापड नाही, भावोजी."

"बघू," म्हणत मास्तरांनी कागद खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यांनी टाच खुर्चीवर ठेवली आणि सगळा जोर लावून वाकले. मांडीत अशी चमक निघाली की खाली बसावं लागलं. वेदनेपेक्षा समाधान मोठं होतं. त्यांनी तिथूनच मेहुणीला फोन लावला.

"तुझा कागद खोटा आहे."

"कधी केलंत?"

"आत्ता. गादीवरून उठून."

"व्यायामाआधी? गार अंगानं?"

"व्यायामानंतर केलं असतं, तर दुखलं कशानं हे कसं कळणार? नमुना बघताना एका वेळी एकच गोष्ट बघतात."

"ती मांडी बरी होईपर्यंत तिला हात लावू नका," ती म्हणाली. "आणि अंग तापलेलं नसताना ओढू नका. एवढं तरी माना."

मास्तर लंगडतच कारखान्यात पोचले. इस्त्रीवाला लोकरी कॉलर गळ्याच्या घेराला बसवत होता. वाफ दिली, सावकाश ओढली, धरून ठेवली. हे दृश्य त्यांनी हजारदा पाहिलं असेल. आज थांबले.

"काय मास्तर, माझं काम घेताय का?"

"गारच ओढलीस तर?"

"वीण जाते."

"आणि वाफेनंतर झटका दिला तर?"

"तरी जाते. हळू ओढायची, धरायची, तिला पटेपर्यंत. आज परीक्षा आहे का?"

मास्तरांनी खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. ह्या खेपेला 'व्यायाम संपल्यावर लगेच' ही खालची ओळसुद्धा.

त्या संध्याकाळी सायकल चालवून घाम आल्यावर त्यांनी मानेपासून सुरुवात केली. दुखरी मांडी आठवडाभर सोडली. सेकंद मोजताना शिक्षक हसत तर नाही ना, हे आरशातून बघत राहिले. तीन आठवड्यांनी वाकताना पाठ आडवी येईना.

मग मोठी ऑर्डर आली. मालक स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहिले. कात्री पलीकडच्या काठापर्यंत एका दमात गेली.

"पाठ बरी झालेली दिसते," मालक म्हणाले.

"बरी नव्हती, असं कोण म्हणालं?"

"कोणी कशाला? कॉलर बघितली होती मी." मालकांनी कापलेली कड बोटानं चाचपली. "यंत्र येतंय, मास्तर. सरळ कापायचं ते त्याच्याकडे. कॉलरी आणि बाह्या तुमच्याकडेच राहतील."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"लिहून द्या," ते म्हणाले, आणि कापडाच्या पुढच्या थरावर वाकले.