स्टँपपेपरवरचं मृत्युपत्र

माझ्या नवऱ्याचं मृत्युपत्र जर्मनीतल्या कोर्टाने दोन मिनिटांत निकालात काढलं. पुण्याहून मुद्दाम आणलेला स्टँपपेपर, त्यावर टाइप केलेला मराठी मजकूर, खाली त्याची सही आणि साक्षीदार म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या दोन मित्रांच्या सह्या. त्या दोघांनी सह्या करण्याआधी माझ्या हातचे कांदेपोहे दोनदा मागून खाल्ले होते. काम पक्कं झालं, अशा समजुतीत आम्ही पुढची सात वर्षं काढली.

कोर्टात वारसाचं काम बघणाऱ्या अधिकारी बाईंनी कागद उलटून पाहिला, सुलटा केला आणि विचारलं, "हे त्यांनी हाताने लिहिलेलं नाही?" मी म्हटलं, नीट वाचता यावं म्हणून टाइप केलंय. त्यावर त्यांनी शांतपणे समजावलं की इथे मृत्युपत्र एक तर नोटरीकडे करायचं, नाही तर पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत स्वतःच्या हाताने लिहायचं. टाइप केलेलं रद्द. साक्षीदारांची गरज नाही आणि स्टँपपेपरला तर काहीच अर्थ नाही. बत्तीस वर्षं या देशात राहिलेला, विम्याच्या कागदातली बारीक अक्षरंसुद्धा वाचून मगच सही करणारा माणूस! पण मृत्युपत्राची वेळ आली तेव्हा त्याने पुण्यातल्या वकील मित्राचा नमुना डोळे झाकून उतरवला. मला त्याचा इतका राग आला की फोन लावून झापावं असं वाटलं, आणि मग तिथेच, त्या बाईंसमोर, रडू आलं.

आम्हाला मूल नाही. सासूसासरे कधीच गेले. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर इथल्या कायद्याने घराचा पाऊण हिस्सा माझा आणि पाव हिस्सा त्याच्या सांगलीच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा. घर टेकडीवरच्या खेड्यात. नवरा तिथून रोज गाडीने बॉबलिंगेनला कामाला जायचा. मला गाडी येत नाही, आणि हिवाळ्यात नियमाप्रमाणे सकाळी सातच्या आत दारासमोरचा बर्फ काढायचा म्हणजे माझी कंबर जाते. बॉबलिंगेनला मैत्रिणीच्या शेजारी भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी बघून ठेवला होता. घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं, एक तरुण जोडपं. उन्हाळा संपेपर्यंत थांबतो, म्हणाले. पण आधी कोर्टाचा वारस दाखला, ज्याला इथे एर्बशाइन म्हणतात, आणि मग दादांची सही, हे दोन्ही झाल्याशिवाय मला त्या घराची एक खिडकीसुद्धा विकता येणार नव्हती.

कोर्ट म्हणजे तालुक्याच्या गावातली एक पिवळी दुमजली इमारत, आठवड्यातून तीन दिवस, तेही फक्त सकाळी उघडी. आमची बस पावणेदहाला पोचायची आणि परतीची सव्वाअकराला. ती चुकली की थेट तीन वाजता. दारावरचा पहारेकरी मला नावानिशी ओळखायला लागला, तरी दर खेपेला पर्स उपडी करून घ्यायचा. वर गेलं की बाई फाइल काढायच्या, "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणायच्या, आणि एक नवीन कागद कमी निघायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण भारतातच म्हणतो असा माझा इतकी वर्षं गैरसमज होता.

दादा नवऱ्याचे भाऊ आहेत हे सिद्ध करायचं होतं. दोघं जन्मले घरी, सुइणीच्या हातावर. जन्मदाखला कुठला? शाळा सोडल्याचे दाखले मागवले, शपथेवर काम करणाऱ्या भाषांतरकाराकडून त्यांचं जर्मन करून घेतलं. बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

"दोघांचाही जन्म एक जूनचा?"

मी सांगितलं की आमच्याकडे त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्याच पोरांची तारीख एक जून टाकायचे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते सगळं शब्दशः लिहून घेतलं आणि कागद पडताळणीला पाठवले. म्हणजे भारतातल्या जर्मन वकिलातीने नेमलेला एक वकील सांगलीजवळच्या त्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडून बघणार. त्याला चार महिने लागले. अर्ध्या पटावर एक जून पाहून त्या वकिलाला काय वाटलं असेल कोण जाणे.

पडताळणी झाली, आता सुटले, अशा आनंदात मी कोर्टात गेले. बाई म्हणाल्या, मृत्युपत्राची प्रत आम्ही दिरांना रवाना केली आहे. मी म्हटलं, कुठलं मृत्युपत्र? ते तर रद्द आहे ना? त्या म्हणाल्या, हो, पण सापडलेला कागद वारसांना दाखवावाच लागतो, नियम आहे. जो कागद माझ्या कामाचा नव्हता, तो बरोबर नको तिथे पोचला होता.

कारण त्यात चौथं कलम होतं. "माझ्या वडील बंधूंनी वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा यापूर्वीच घेतलेला असल्याने माझ्या घरावर त्यांचा कोणताही हक्क राहणार नाही." सासरे गेल्यावर नवरा सांगलीला गेला होता आणि हक्कसोड पत्रावर सही करून, सगळी जमीन भावाच्या नावावर करून आला होता. मला विचारलंसुद्धा नाही. तो राग मी कित्येक वर्षं पोटात ठेवला, आणि मृत्युपत्र टाइप होताना त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बाहेर काढला. तो नको म्हणत होता, जमीन मी आपणहून दिली म्हणत होता. मी हट्टच धरला. शेवटी त्याने निमूटपणे टाइप केलं.

नवरा गेल्यापासून दादा दर रविवारी न चुकता फोन करायचे. प्रत पोचली आणि फोन बंद झाले. चार रविवार गेले. इकडे जोडप्याची ईमेल आली की सप्टेंबरनंतर आम्ही दुसरं घर बघू. दादांना फोन लावायचं धाडस मला होत नव्हतं.

पाचव्या रविवारी त्यांचाच आला. तब्येतीची चौकशी झाली. मग म्हणाले, मुंबईच्या वकिलातीतली वेळ मिळाली आहे, तुझ्या नावे हिस्सा सोडल्याची सही तिथे करायची.

"त्याआधी एक सांग. ते चौथं कलम त्यानं घातलं की तू?"

गेलेला माणूस काही उठून खरंखोटं करायला येत नाही. ह्यांनी घातलं म्हटलं असतं तर चाललं असतं, आणि मी घातलं म्हटलं तर सही होईल याची काय खात्री? 'ह्यांनीच' म्हणायला मी तोंडही उघडलं.

"मी, दादा. हे नको म्हणत होते. मीच लिहायला लावलं."

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"बरं झालं सांगितलंस," दादा म्हणाले. "महिनाभर झोप नाही मला. वाटत होतं, माझा भाऊ हे मनात धरून गेला."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी सही केली. घर विकलं गेलं, मी फ्लॅटमध्ये राहायला आले. रविवारी दादांचा फोन मात्र परत कधी आला नाही, आणि या एका गोष्टीसाठी मला कुणावर चिडताही येत नाही.