बरणी आईनं स्वतः नेली

देवावर माझा विश्वास नाही, चमत्कारावर तर मुळीच नाही. आईवडिलांनी धम्म घेतलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, बी.ए. होऊन मुखेडच्या शाळेत लागले. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो. पण जे घडलं ते घडलं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस लागोपाठ हुकला होता. माझी धाकटी बहीण सुमन देवणीकडच्या खेड्यात दिलेली. तिला दिवस गेले आणि पोट महिन्यांच्या मानानं फारच वाढलं. सासू खुशीत, "जुळी हायती." मग एका सकाळी अंगावरून जाऊ लागलं. उदगीरच्या दवाखान्यात पोट रिकामं केलं तेव्हा मूल नव्हतंच. द्राक्षांच्या घडासारखे पाणीदार फोड निघाले. डॉक्टरांनी ते बरणीत घालून आईच्या हाती दिले आणि तपासायला लातूरला न्या म्हणाले. आईनं ते अंगणात पुरले. पोटातून पडलेलं आपल्याच मातीत घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. जमीन दगडासारखी झालेली, तिनं पहारीनं खणली. मी चिडले तर म्हणाली, "धम्म घेतला म्हणून आतडं बदलतं व्हय गं? लेकीचं लेकरू बाटलीत ठिवू?"

सुमनचं रक्त थांबेना. पुढं खोकल्यातूनही पडू लागलं. सासरचे करणी म्हणू लागले, लातूरला टीबीचं औषध झालं, गुण आला नाही. शेवटी मी तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधीच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. पुरलं, असं सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. नक्की काय पडलं ते त्यानं विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. "मग आता मी कशावरून ओळखू, बाई?"

व्हरांड्यातल्या बाकावर सुमनचं डोकं मांडीवर घेऊन आई त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, पुटपुटत बसली. मला त्याचाही राग येत होता. एक वयस्क डॉक्टरबाई समोरून निघून गेल्या, आणि टोकाला पोचून परत फिरल्या. का फिरल्या, ते मला आजही सांगता येत नाही. आईशेजारी टेकल्या, काय झालं मावशी म्हणाल्या.

"द्राक्षं पडली बाई, पान्यानं भरल्याली. आता खोकत ऱ्हायली."

बाईंचा चेहरा बदलला. नाळ तयार करणाऱ्या पेशींचाच हा कॅन्सर, फार क्वचित होणारा, असं त्यांनी समजावून सांगितलं. तो फुप्फुसात जातो, आणि पोट रिकामं असूनही लघवीची तपासणी बाई गरोदर असल्याचं दाखवते. त्यांचं संशोधनच या आजारावर होतं. तपासणी तशीच आली. इंजेक्शनं सुरू झाली, खोकला थांबला. केस गळाले तेव्हा सुमन हसली, "अक्का, आता उवांनी कुठं जावं गं?"

पण गर्भाशयातून पुन्हा रक्त सुरू झालं आणि गर्भाशयच काढावं लागलं. नर्सनं बरणी आणली. तपासायला नेण्याचं काम तिथं नातेवाइकांचंच. आईनं हात पुढं केला तशी तिच्याआधी बरणी घ्यायला मी पुढं झाले.

"माय, ह्ये पुरू नको," खाटेवरून सुमन म्हणाली. "बाईला दे. बघू दे तिला."

 आईनं पदरानं बरणी पुसली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चालू लागली. मी मागं. बाईंसमोर ठेवताना म्हणाली, "माझ्या लेकीची कूस हाय ही. नीट बघा. दुसरीला झालं तर येळेत वळखा." बाईंनी उभं राहून ती घेतली.

सुमन वाचली नाही. आजार मेंदूत पोचला होता.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, बाई नांदेडहून एस.टी.नं आल्या, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसल्या. सासरच्या माणसांना त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. त्यानंतर माझ्या बहिणीबद्दल करणीचा शब्द कुणी काढला नाही. आईला एवढंच म्हणाल्या, "आधी भेटायला हवं होतं, मावशी." आई म्हणाली, "भेटलाव की."

मी बहिणीचा जीव मागत होते, तो मिळाला नाही. तरी त्या बाई परत फिरल्या हे आठवलं की माझं मन भरून येतं. शरण जायचं म्हणजे हात जोडायचे, एवढंच मी समजत होते. बरणी नेली त्या दिवशी जोडायला आईचे हात मोकळेच नव्हते.